उ.: स्मार्ट बल्ब (फोनवरच्या ॲपने चालणारा) सतत ऑफलाइन का जातो?

राउटर बदलायच्या आधी घरात जरा लक्ष ठेवा. नव्वद टक्के वेळा कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद केलेलं असतं. आमच्या आईचा हात खोलीतून निघताना आपोआप बोर्डाकडे जातो, तिला कुठल्या तोंडाने बोलणार? वीजच तोडली की कसला स्मार्ट!

स्मार्ट बल्बऐवजी बोर्डामागे बसणारं रिले मोड्यूल, म्हणजे ॲपवरून चालू-बंद होणारा छोटा स्विच, घ्या. बटणही चालतं आणि ॲपही. फक्त वायरमनला आधी बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आहे का ते बघायला सांगा. जुन्या इमारतींत नुसत्या दिव्याच्या बोर्डात बरेचदा फेजच (वीज आणणारी तार) आणलेली असते, आणि बहुतेक मोड्यूलना न्यूट्रल लागते. बोर्डावर सॉकेट असेल तर प्रश्न मिटला.

'ही स्मार्ट उपकरणं बनवणारी कंपनी बुडाली तर?' असंही कोणी विचारेल. बुडायलाही लागत नाही हो! अमेरिकेत नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने २०१४ साली रिव्हॉल्व्ह ही हब (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र जोडणारं यंत्र) बनवणारी कंपनी विकत घेतली आणि मे २०१६मध्ये तिची सेवाच बंद केली. लोकांचे सुमारे ३०० डॉलरचे हब एका दिवसात डबडी झाले. इन्स्टिऑन या दुसऱ्या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर तर एप्रिल २०२२मध्ये न सांगताच गेले. म्हणून दुकानात पहिला प्रश्न: नेट नसताना चालतं का?

आणि गीझरला ही चिमुकली मोड्यूलं लावू नका. तिथे १६ अँपिअरचं साधं बटणच बरं.