कोसला ही घर सोडणाऱ्याची कादंबरी आहे की घर न सुटणाऱ्याची?

पुस्तकीकिडा: भालचंद्र नेमाड्यांची कोसला आत्ता पहिल्यांदा वाचून संपवली. सगळीकडे वाचलं होतं की १९६३ सालची बंडखोर कादंबरी, एकटेपणा, तुटलेपण वगैरे. पण मला तर पानोपानी घरच दिसत राहिलं, वडील, आई, बहिणी. माझंच काही चुकतंय का? तुम्हाला यात घरच्या नात्यांचं काय वाटलं?

खान्देशी: चुकत नाहीये. कादंबरीचा नायक पांडुरंग त्याच्या गावाहून, सांगवीहून पुण्याला शिकायला येतो ते बापाच्या पैशावर, आणि तोच पैसा तो होस्टेलवर मोठेपणा करण्यात उडवतो. आता हे बंड म्हणायचं का? मला तर वाटतं तो सगळा वेळ बापाशीच भांडतोय, बाप समोर नसतानाही. आमच्याकडं शेतीवाल्या घरात बाप पोराशी सरळ प्रेमानं बोलतच नाही हो, बोलणं होतं ते खर्चाचं, नाहीतर मार्कांचं, त्यामुळं त्यांच्यात पैशावरून जे काही चालतं ना तेच त्यांचं नातं आहे. प्रेमाचे डायलॉग शोधत बसलात तर काहीच मिळणार नाही.

मीरा_वाचते: आणि मनी!! धाकटी बहीण देवीच्या रोगानं जाते तिथं माझं पुस्तक दोन दिवस बंदच होतं. इतका वेळ हा माणूस प्रत्येक गोष्टीची टवाळी करतो आणि तिथं त्याला ते जमतच नाही. नंतर अजिंठा बघतानाही तेच दुःख सोबत. ज्याला घराचं काही पडलेलं नाही तो असा कोसळेल का

तिरकस: मनीबद्दल मान्य. पण आईचं काय? ती दिसते तेवढी पोराच्याच नजरेतून, तिचं स्वतःचं म्हणणं काय ते कळतच नाही. नात्यांची कादंबरी म्हणून एवढं डोक्यावर घेऊ नका. घरातल्या बाईच्या तोंडून घर ऐकायचं असेल तर रा. रं. बोराड्यांची पाचोळा वाचा, १९७१ ची. गंगाराम शिंप्याची बायको पारबतीच सगळं सांगते, मराठवाडी बोलीत, नवऱ्याच्या हट्टापायी संसाराची कशी वाट लागते ते.

खान्देशी: @तिरकस आईचा मुद्दा बरोबर आहे, पण पंचविशीच्या पोराच्या तोंडून सगळी गोष्ट आहे म्हटल्यावर त्याला आई तेवढीच दिसणार ना राव

पुस्तकीकिडा: पाचोळा लायब्ररीत आहे का बघतो उद्या. बोली जड जाईल का पुण्यामुंबईच्या माणसाला?

तिरकस: पहिली दहा पानं जाईल. मोठ्यानं वाचा, लगेच कळते.