मदत हवी आहे: व्हेरिकोज व्हेन्ससाठी पुण्यात उभं राहून डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) कुठे होतं?

नमस्कार मंडळी. आईचं कोथरूडला पोळीभाजी केंद्र आहे, दिवसभर ओट्यापाशी उभी असते. डाव्या पोटरीमागच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या झाल्यात, घोट्याच्या वर कातडी काळपट पडलीये आणि रात्री खाजवून खाजवून बेजार होते. लेसर करा म्हणून सांगितलंय.

माझी अडचण डॉपलरची आहे. ते तिला झोपवून घाईत उरकलं. रिपोर्टमध्ये ‘रिफ्लक्स आहे’ एवढंच, कुठल्या शिरेत ते नाहीच! रिफ्लक्स म्हणजे रक्त उलटं येतंय का हे उभं राहिल्यावरच नीट दिसतं ना?

जांघेपर्यंत जाणारी मोठी सॅफेनस शीर वेगळी, पोटरीमागची छोटी वेगळी. छोटी बहुधा गुडघ्यामागे खोल शिरेला मिळते, पण नेमकी किती उंचीवर ते माणसागणिक बदलतं. काहींची तर वर मांडीत जाते. शिवाय पोटरीच्या खालच्या भागात सुरल नर्व्ह (संवेदनेचा मज्जातंतू) तिला अगदी लगटून असते. त्या नर्व्हला इजा झाली तर पावलाची बाहेरची कड बधिर होऊ शकते. म्हणून आधी शिरांचा नीट नकाशा हवाच, असं माझं ठाम मत आहे.

पुण्यात उभं करून, खोल शिरांसकट सविस्तर डॉपलर कोण करतं? छोट्या सॅफेनसचं लेसर कुणाच्या घरी झालंय का? नंतर बधिरपणा राहिला का? आणि व्हॅस्क्युलर सर्जनचं दुसरं मत घ्यायचंय, स्वतःच्या अनुभवातलं नाव असेल तर कृपया मेसेज करा. शक्यतो कोथरूड, कर्वेनगर, डेक्कनकडचं. तिला लांबचा प्रवास झेपत नाही.