मदत हवी आहे: विद्यापीठाचा डायव्हर्सिटीवरचा खर्च आणि परदेशी पैसा कुठे सापडेल?

शर्वरी_क: मी विद्यार्थी सिनेटच्या बजेट समितीत आहे. दोनच आकडे हवेत. डायव्हर्सिटी कार्यक्रमांवर विद्यापीठाने किती खर्च केला आणि परदेशातून किती पैसे आले. रीतसर अर्ज केला तर 'अशी नोंद उपलब्ध नाही' एवढंच उत्तर! नसेल कशी? पुढच्या आठवड्यात सभा आहे, प्लीज लवकर सांगा.

कोकणकडा: आरटीआयमध्ये पहिलं अपील करा, 30 दिवसांची मुदत असते. आमच्या कॉलेजातल्या समान संधी कक्षाच्या खर्चाची फाइल मी अशीच बाहेर काढली.

शर्वरी_क: भारतात नाही हो, अमेरिकेत.

मुळामुठा: अमेरिकेत कुठे? सरकारी की खाजगी? अर्ज कोणत्या कायद्याखाली केलात?

शर्वरी_क: सरकारी, टेक्सास. अर्ज एफओआयएखाली, म्हणजे अमेरिकेच्या माहिती कायद्याखाली.

मुळामुठा: तो केंद्रीय खात्यांसाठी. तुम्हाला टेक्सास राज्याचा माहिती कायदा, पब्लिक इन्फर्मेशन अ‍ॅक्ट लागेल.

दादर_ते_डॅलस: नुसतं कायद्याच्या नावावरून अडलेलं नाही. नवी नोंद तयार करून देण्याचं बंधनच त्या कायद्यात नाही. 'एकूण किती' विचारलंत की बेरीज करून द्यायला ते बांधील नाहीत. विभागवार बजेट, पदं आणि पगारांची यादी, बाहेरच्या सल्लागारांचे करार असे तयार कागद मागा. सरकारी विद्यापीठांतली डायव्हर्सिटी ऑफिसं बंद करणारा टेक्सासचा कायदा, एसबी 17, लागू झाला 1 जानेवारी 2024 ला, त्यामुळे त्या ऑफिसांची जुनी नावंही लिहा.

रानवाट: ती ऑफिसं गेली ते उत्तम झालं. फी गगनाला भिडल्यात.

नीरजा: फी त्यांच्यामुळे वाढली? माझी मुलगी पहिल्या वर्षी तिथल्याच शिकवणीमुळे गणितात टिकली. आणि अध्यापन, संशोधन, विद्यार्थी संघटना यांना एसबी 17 मधून सूट आहे. सगळं गेलेलं नाही.

दादर_ते_डॅलस: हा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या, तिला सभा गाठायची आहे. शर्वरी, परदेशी पैशासाठी हायर एज्युकेशन अ‍ॅक्टचं कलम 117 बघ. एका परदेशी स्रोताकडून वर्षात 2,50,000 डॉलर किंवा जास्त आले तर 31 जानेवारी आणि 31 जुलैला कळवावं लागतं. यादी केंद्रीय शिक्षण खात्याच्या साइटवर आहे.

कोकणकडा: मग आपल्या पोरांची फीसुद्धा परदेशी पैसाच की!

मुळामुठा: एका घरची फी त्या मर्यादेपर्यंत जात नाही. नुसत्या देणग्या बघू नका, करारही बघा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा कतारमधला कॅम्पस 2003 पासून कतार फाउंडेशनच्या करारावर चालतोय. 2028 पर्यंत तो बंद करायचं फेब्रुवारी 2024 मध्ये ठरलं.

अमेय७: टेक्सासात एमएससाठी स्वस्त युनिव्हर्सिटी कोणती? मुलाला जायचंय.

शर्वरी_क: देणगीदारांची नावं मिळतील?

दादर_ते_डॅलस: खाजगी देणगीदाराची ओळख विद्यापीठ झाकू शकतं, रक्कम नाही. विद्यापीठाचं फाउंडेशन वेगळी संस्था असेल तर तिचा 990 फॉर्म (ना-नफा संस्था दरवर्षी कर खात्याला देतात तो) काढ. नवा अर्ज आजच टाक, पण विद्यापीठाला माहिती रोखायची असेल तर राज्याचा मुख्य कायदा अधिकारी असलेल्या अ‍ॅटर्नी जनरलकडे जायला त्यांना कामाचे 10 दिवस मिळतात. सभेला मंजूर बजेट आणि 117 ची यादी घेऊन जा.