शेवाळाच्या ढिगातली चपटी माशी: कोएलोपा फ्रिजिडा की पिलिपेस?

वाळूवेल्हाळ: ईशान्य इंग्लंडमध्ये व्हिटली बेजवळ, सेंट मेरीज बेटाच्या किनाऱ्यावर कुजलेल्या शेवाळात काळपट, चपट्या माशा सापडल्या. काही जेमतेम ४ मिमी, काही ९ मिमी. कोएलोपा या शेवाळमाशीच्या फ्रिजिडा आणि पिलिपेस अशा दोन जाती समजायच्या का? कोकणात ही मिळेल का?

द्विपंखी: लांबी सोडून द्या, तिथेच सगळे फसतात. फ्रिजिडाच्या पहिल्या गुणसूत्रावर एक मोठा उलटलेला तुकडा असतो, त्याची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं. अल्फा-अल्फा जोडीचे नर थोराड आणि वाढायला सावकाश, बीटा-बीटाचे बारके आणि झटपट. म्हणजे तुमचे ४ आणि ९ मिमी एकाच जातीचे असू शकतात.

नर निवडा आणि पाय पाहा. फ्रिजिडाच्या नडगीवर आखूड, राठ केस. पिलिपेसच्या नराला लांब, मऊ, दाट लव, पाय लोकर गुंडाळल्यासारखे दिसतात. माद्यांवरून निर्णय देऊ नका. नमुना ७०% अल्कोहोलमध्ये बुडालेला असतानाच भिंगाखाली पाहा. बाहेर काढला की केस एकमेकांना चिकटतात आणि पिलिपेसही फ्रिजिडासारखी दिसते. डीएनए काढायचा असेल तर ९५% मध्येच ठेवा.

भांगउधाण: आधी ती फ्यूसेलिया ही दुसरीच माशी नाही ना, ते बघा. तीही याच ढिगांवर असते, पण राखाडी, पाठीला चपटी नसलेली. ढीग हलवला की फ्यूसेलिया भुर्रकन उडते, कोएलोपा शेवाळाच्या थरांत आणखी आत घुसते.

ढीग कुठे उकरता यावरही कोणती जात मिळेल ते ठरतं. कुजण्याच्या उष्णतेने मध्यभाग हिवाळ्यातही गरम राहतो. पिलिपेसचा ओढा तिकडे, फ्रिजिडा तुलनेने थंड भागात. दोन्ही ठिकाणचे नमुने वेगळ्या बाटल्यांत घ्या. उधाणाची भरती येण्याआधीच जा, नाहीतर ढीगच वाहून जातो.

द्विपंखी: व्याप्तीचं राहिलं. फ्रिजिडा युरोपच्या अटलांटिक आणि उत्तर समुद्राच्या किनाऱ्यांवर, नॉर्वे-आइसलंडपर्यंत आणि पलीकडे उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर. बाल्टिकच्या तोंडाशी, दक्षिण स्वीडनमध्येही आहे. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मात्र व्हॅनडुझीआय आणि नेब्युलारम या निराळ्या जाती.

कोकणात शोधू नका. ही थंड किनाऱ्यांची माशी; मालवणला सरगॅसम हे समुद्री शेवाळ वाहून येतं म्हणून ती येत नाही. सुक्या मासळीवर बसणारी चकचकीत निळी-हिरवी, मोठ्या लाल डोळ्यांची क्रायसोमाया मेगासेफाला ही माशी वेगळ्याच कुळातली.

वाळूवेल्हाळ: सगळे नमुने एकाच बाटलीत टाकले होते. पुढच्या भांगेच्या भरतीला, म्हणजे उधाण नसताना, परत जाते, दोन बाटल्या घेऊन.