मुलींची निवासी शाळा: सहावीपासून वसतिगृहात ठेवावं की रोज बसने पाठवावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही चोपडा तालुक्यातले, घरी केळी आणि थोडा कापूस. मुलगी पाचवीत आहे. गावातली शाळा पाचवीपर्यंतच, नवोदयला नंबर लागला नाही. आता मुलींची एक खासगी, विनाअनुदानित शाळा बघून आलो. सेमी इंग्रजी, दहावीपर्यंत. काही मुली रोज घरून येतात, काही तिथेच राहतात. शाळा आवडली, अडलंय ते राहण्यावर.

यांचं म्हणणं, बसने जाऊ दे. पण बस बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने जाते, त्यावर केळीच्या ट्रकांची सतत वर्दळ. सकाळी अंधारात निघायचं, दिवेलागणीला परत. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा, म्हणजे भर दुपारच्या उन्हात परतीचा प्रवास, आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. दमून आलेली पोर अभ्यास कधी करणार? वसतिगृहात संध्याकाळी खेळ आणि रात्री बाईंसमोर अभ्यास असतो, ते मला पटतं. सासूबाई मात्र तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझाही जीव धजत नाही.

तिला अजून पाळी आलेली नाही. तिथे असताना आली तर जवळ घेऊन नीट समजावणारं कोणी असेल का? रात्री ताप आला तर? साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांची आजारपणं स्वतः काढायचे, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. तेवढी अपेक्षा नाही, पण पोरीच्या उशाशी कोण बसणार हे मला कळायला हवं. रेक्टर बाई तिथेच राहतात एवढंच सांगितलं गेलं. एका बाईंकडे किती मुली, रात्री दुसरं कोण असतं, हे विचारायचं राहूनच गेलं. फोन फक्त रविवारी.

फीबद्दलही सांगा. 2011च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते. वसतिगृह आणि मेसची फीसुद्धा तिथे मांडली जाते का, तुमचा अनुभव काय? आणि करमलं नाही म्हणून वर्षाच्या मध्येच मुलीला घरून ये-जा करायला लावलं, तर राहण्याचे भरलेले पैसे परत मिळतात का?

शिरपूर, शहादा, धुळे, जळगावकडे ज्यांच्या मुली अशा शाळेत आहेत त्यांनी कृपया लिहा. राहणाऱ्या आणि घरून येणाऱ्या मुलींचे वर्गात वेगवेगळे गट पडतात का? घरी आम्ही अहिराणीच बोलतो, त्यावरून तिला कोणी हिणवणार तर नाही ना? पुढच्या आठवड्यात प्रवेशाचं नक्की करायला पुन्हा जायचंय, त्याआधी उत्तरं मिळाली तर फार मदत होईल.