लघुपटातला प्रॉम्प्टर बाप कागदावर आहे, पडद्यावर कसा उभा करायचा?

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. मी मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षअखेरीला १२ मिनिटांचा लघुपट करून द्यायचा आहे. विषय घरचाच घेतलाय, आमच्या गोव्यातल्या गावच्या जत्रेचं नाटक.

एक माणूस, वय ६१, पंचायतीतून निवृत्त झालेला. गावच्या नाटकाला तरुणपणापासून प्रॉम्प्टिंग करतो. मुलगा २३ वर्षांचा, वेर्ण्याला कारखान्यात कामाला. यंदा मुलाला पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळालीय आणि विंगेत बसणार बाप. दोघांचं फारसं पटत नाही. प्रयोगात मुलगा एका जागी अडखळतो, बाप वाक्य देतो, मुलगा सावरतो आणि शेवटी दोघे एकमेकांना मिठी मारतात. शिवाय आई, धाकटी बहीण, नाटकाचा दिग्दर्शक आणि मुलाचा मित्र अशी पात्रं आहेत.

प्रत्येक पात्राची माहिती मी लिहून काढली. शिक्षण, आवडीनिवडी, भीती, लहानपणीची एखादी घटना. बापाचीच चार पानं भरली. तरी वर्गात वाचन झालं तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच: बाप नुसता चांगला आणि बिचारा, मुलगा नुसता चिडका. सर म्हणाले, पात्रांना खोली दे. आता ती द्यायची कशी? बापाच्या तरुणपणाचा फ्लॅशबॅक घालू का?

देवस्थान समितीने सभामंडप दोन दिवस वापरायला दिलाय. भूमिका गावच्या नाटकातलीच माणसं करणार आहेत. कृपया मार्गदर्शन करा.

बूमवाला
मी विद्यार्थ्यांच्या फिल्मना साउंड करतो, म्हणून पहिलं तेच सांगतो जे सेटवर आल्यावर सगळ्यांना कळतं. संहितेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने एक मिनिट. तुझ्याकडे १२ पानं आणि सहा माणसं. मित्र आणि बहीण काढून टाक. बहिणीच्या तोंडी जे काही महत्त्वाचं असेल ते आईला दे. फ्लॅशबॅक नको. तरुण बाप म्हणून दुसरा नट शोधायचा, जुने कपडे, जुनं घर, हे दोन दिवसांत बसत नाही आणि त्याने बाप खोलही होत नाही, फक्त त्याचा इतिहास कळतो.

अंत्रुजकर
बूमवाल्यांशी सहमत. पात्रं कमी केलीस की अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्याबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण तुझा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. फोंडा महालात जत्रेची नाटकं बघत आणि पुढे त्यांत कामं करत मी मोठी झाले, आणि आता मुलांच्या लघुपटांचं संकलन करते. नट आणि कॅमेरा, दोघांच्या अडचणी मला ठाऊक आहेत.

तुझी चार पानं वाया गेलेली नाहीत, ती नटाशी बोलताना उपयोगी पडतील. पात्राची शारीरिक, सामाजिक आणि मानसिक बाजू लिहून काढायची पद्धत लाजोस एग्री यांनी १९४६ च्या नाट्यलेखनावरच्या पुस्तकात मांडली आहे, आणि ती चांगलीच आहे. पण त्यांचाही खरा भर पुढच्या गोष्टीवर होता: या माणसाला काहीतरी इतकं हवंय का, की त्यासाठी तो दुसऱ्याच्या आड येईल? तुझ्या बापाला काय हवंय? 'मुलाचं भलं व्हावं' हे उत्तर चालणार नाही. ते सगळ्याच बापांना हवं असतं. या बापाला, या जत्रेच्या रात्री, काय हवंय?

त्याचं उत्तर शोधायला लहानपणात जाऊ नकोस, त्याच्या कामात जा. प्रॉम्प्टर काय करतो ते नीट बघ. तो अख्खं वाक्य देत नाही, पहिले दोन शब्द देतो. त्यात भाव घालत नाही, नाहीतर नट त्याची नक्कल करायला लागतो. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, नट गप्प झाला की तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याला क्षणात ठरवावं लागतं. चूक झाली तर रंगलेला प्रवेश पडतो. जन्मभर हे करणारा माणूस घरी कसा वागेल? माझ्या डोळ्यांसमोर येतो तो असा: समोरचा जरा थांबला की हा त्याचं वाक्य पुरं करतो. बायकोचं, शेजाऱ्याचं, दुकानदाराचं. त्याला शांतता सोसत नाही. त्याच्या मते ही मदत आहे.

आता बघ, बाकीची दोन पात्रं आपोआप आकार घ्यायला लागतात. आई आदोळीवर बसून खोबरं खवतेय, वाक्य अर्धंच बोलते आणि सोडून देते. पुढचं तो बोलणारच आहे. तिने त्याच्याशी असं जमवून घेतलंय. मुलाने जमवून घेतलेलं नाही. तो घरी संवाद पाठच करत नाही, कारण बाप बाहेरच्या खोलीतून पुढचा शब्द टाकतो. तो स्कूटरवर, हेल्मेटच्या आत पाठांतर करतो. वेर्ण्याहून घरी येताना सिग्नलला उभा आहे, काचेवर वाफ धरलीय आणि आत ओठ हलताहेत. एवढ्या एका शॉटमध्ये तुझी दोन पानं आली, आणि मुलगा 'चिडका' राहिला नाही.

म्हणजे मुलाला हवंय ते हे, की या भूमिकेतली निदान एक जागा त्याची स्वतःची असावी. बापाला हवंय, की मुलगा त्याच्या आधाराने उभा राहावा आणि ते दोघांना तरी माहीत असावं. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि एकत्र नांदू शकत नाहीत. मुलगा दिग्दर्शकाकडे जाऊन म्हणतो, माझ्या प्रवेशांना दुसऱ्या कोणाला बसवा. ही बातमी बापाला घरी नाही, तालमीत सगळ्यांसमोर कळू दे. मग तो बिचारा राहणार नाही. तो काहीतरी करेल. बहुधा न बोलता जाऊन आपल्या जागेवर वही उघडून बसेल, आणि त्याला उठवायची कोणाची छाती होणार नाही. बघणाऱ्याला त्याची कीवही आली पाहिजे आणि रागही.

तुझा शेवट मला पटला नाही, स्पष्टच सांगते. मुलगा अडखळतो, बाप वाचवतो, मिठी. यात बाप बरोबर ठरतो आणि मुलगा हरतो, आणि तू त्याला समेट म्हणतोस. त्यापेक्षा मुलगा विसरूच नये. तो थांबावा. त्याने ठरवलेली ती जागा आहे. बापाला कळत नाही आणि तो शब्द देतो, इतका मोठ्याने की पहिल्या रांगेला ऐकू जावा. त्यापुढे मुलगा काय करतो ते तू लिही. मिठी मात्र नको.

आणखी एक, भाषेचं. तुझ्या वर्णनावरून सगळी पात्रं सगळीकडे मराठीच बोलतात असं वाटतं. आपल्या गावांत नाटक मराठीत उभं राहतं आणि त्याच नटांच्या घरी चुलीपाशी कोंकणी चालते. ते तसंच ठेव. बाप मुलाला घरी 'ओगी राव' (गप्प राहा) म्हणेल. पण नाटकावरून बोलणं वाढलं की त्याच्या तोंडात रंगमंचावरची मराठी येऊ दे, बोजड, पल्लेदार. तो कुठल्या जगात स्वतःला मोठा समजतो ते प्रेक्षकाला न सांगता कळेल. सबटायटल दोन्हीला द्यावेच लागतील, त्याची काळजी करू नकोस.

नटांबद्दल. गावचे नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकलेले असतात, कॅमेऱ्यासमोर तो आवाज आणि ते हातवारे अंगावर येतात. त्यांना 'कमी कर' म्हणू नकोस, ते अवघडतात. हातात काम दे. सुपारी कातरू दे, वहीला कव्हर घालू दे, आणि संवाद कामाच्या मधे म्हणायला लाव. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांनी १९४८ च्या 'बायसिकल थीव्ज' या चित्रपटात नायक म्हणून कारखान्यातला एक कामगार घेतला होता, तो अभिनेता नव्हताच. तुलाही बापाच्या भूमिकेसाठी गावचा सर्वोत्तम नट लागेलच असं नाही. कमी बोलणारा आणि हातांनी काम करणारा माणूस बघ.

शेवटी, चित्र काढ. सत्यजित राय आपल्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांत पात्रांचे चेहरे, कपडे, शॉट रेखाटून ठेवायचे. तुझं चित्र वाईट आलं तरी चालेल. बाप विंगेत कशावर बसतो, चष्मा कुठे, उजेड कुठून येतो, पाय कुठे ठेवतो, हे काढताना तुला जे माहीत नाही ते सापडेल.

पडद्यामागे
मी पेडण्याकडचा. आमच्या वाड्यावरच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग करतो, म्हणून चार शब्द.

अंत्रुजकर ताईंनी थांबण्याचं लिहिलंय ते अगदी खरं. त्यात भर घालतो. नट लांबलचक स्वगतात सहसा चुकत नाही, ते त्याने घोटलेलं असतं. तो चुकतो टाळ्या पडल्यावर किंवा पदाला वन्स मोअर आल्यावर. लोकांनी डोक्यावर घेतलं की मागचा धागा सुटतो. म्हणून टाळी पडली की प्रॉम्प्टर सावध होतो. सगळा मंडप खूश असतो आणि एकटा तोच पानावर बोट ठेवून ताणलेला असतो. तुमच्या मुलाला टाळी पडू दे आणि त्यानंतर तो थांबू दे, म्हणजे बापाची चूक समजण्यासारखी होईल.

उजेडाचं. मोबाईलचा टॉर्च लावलात तर उजेड बाहेर रंगमंचावर फाकतो. मी छोट्या बॅटरीला लाल जिलेटीन कागद गुंडाळतो आणि वही मांडीवर तिरकी धरतो. पेन्सिलीने नटांच्या सवयी लिहिलेल्या असतात, हा इथे श्वास घेतो, हा इथे दोन ओळी गाळतो. बापाच्या वहीत मुलाच्या संवादांसमोर किती खुणा आहेत ते दाखवा. माझ्या मते खुणाच नसाव्यात. मुलाची तालीम त्याने बघितलेलीच नाही, मुलगा त्याच्यासमोर करतच नाही ना.

एका गोष्टीत ताईंपेक्षा मत वेगळं. बाप इतक्या वर्षांचा जाणता, त्याला थांबणं ओळखता येत नाही असं दाखवलंत तर आमच्यासारख्याला खटकेल. तो दुसऱ्या प्रत्येक नटाचं थांबणं अचूक ओळखतो, हे आधी दाखवा. परक्याचं कळतं, पोराचं कळत नाही. माझा मुलगा पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मी वही दुसऱ्याकडे दिली होती. माझे हात कापत होते.

डिचोलीकर
ताई, काका, खूप आभार. मित्र आणि बहीण काढले. हेल्मेटचा शॉट नक्की घेणार, आणि टाळीनंतरचं थांबणंही. बापाच्या भूमिकेसाठी आमच्या गावच्या पडदेवाल्यांना विचारलं, ते तयार आहेत. त्यांनी आजवर रंगमंचावर पाऊल ठेवलेलं नाही.

एकच अडलंय. मुलगा मुद्दाम थांबलाय हे प्रेक्षकाला आधीच माहीत असायला हवं, नाहीतर त्यालाही वाटेल की तो विसरला. पण मुलगा तर घरी कोणासमोर पाठांतर करत नाही. मग कळवायचं कोणाकडून?

अंत्रुजकर
काकांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. माझ्या मांडणीत बाप अडाणी ठरत होता, काकांच्या मांडणीत तो बाप ठरतो. तालमीच्या प्रवेशात दुसरा एखादा नट थांबू दे, शेजारचा पोरगा घाईने शब्द द्यायला जाऊ दे, आणि बापाने नुसता हात वर करून त्याला अडवू दे. पाच सेकंदांचं काम, आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहील.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आई आहे. बाप तालमीला गेलाय, मुलगा विहिरीपाशी हेल्मेट न काढताच ती ओळ म्हणतोय. म्हणतो, थांबतो, मनात मोजतो, पुढची ओळ म्हणतो. आई कळशी घेऊन मागे उभी आहे आणि ती मधे बोलत नाही. त्या घरात थांबलेल्या माणसाला थांबू देणारी ती एकटीच. प्रयोगाच्या रात्री ती बायकांच्या रांगेत बसलेली असेल. मुलगा थांबला की आधी तिचा चेहरा घे, तिला माहीत आहे. मग विंगेतला बाप. हा क्रम उलटा करू नकोस, संकलनात मी तो कितीही फिरवला तरी जमणार नाही. तो शूट करतानाच ठरलेला असू दे.

थांबण्याची लांबी सेटवर नटाला ठरवू दे, पण तिन्ही ठिकाणी तीच हवी: विहिरीपाशी, आईच्या चेहऱ्यावर आणि बापावर. स्क्रिप्ट सुपरवायझरला घड्याळ घेऊन बसव. आणि पहिल्या दिवशी घर, दुसऱ्या दिवशी मंडप असं लाव, म्हणजे पडदेवाले काका विंगेत बसायच्या आधी एक दिवस कॅमेऱ्याला सरावलेले असतील.

दुसरा मसुदा झाला की इथेच टाक. आईच्या ओळी मी आधी वाचेन.