ट्रेलरचा नवा जॅक: रंग खरवडायचा की नाही?

ट्रेलर समिती:
मंडळी, ट्रेलरचं पुढचं टोक उचलणारा जॅक आलाय. १२ व्होल्ट, ३५०० पाउंडवाला, १८ इंच उचल. उद्या सकाळी वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यात बसवायचाय, कारण शनिवारी पावागड. अडलंय एकाच ठिकाणी. जॅकमधून फक्त लाल वायर निघते, काळी नाहीच. पत्रकात लिहिलंय की अर्थ (परतीचा करंट) बोल्टांमधून चॅसीला, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याला जातो, तेव्हा बोल्टांखालचा रंग खरवडा. फॅब्रिकेटर खरवडू देत नाही. पावडर कोटिंग उडालं की पहिल्या पावसात गंज धरेल म्हणतो. आज रात्रीपर्यंत सांगा.

मकरपुऱ्याचे काका:
त्याचं बरोबर आहे. कोटिंगसाठी किती धावपळ झाली ते सगळ्यांना माहीत आहे. आट्यांमधून करंट जातोच. तिन्ही बोल्ट कचकून आवळा, झालं.
आणि एवढा मोठा जॅक कशाला? भरलेला ट्रेलर १६०० किलो. पुढच्या टोकावर त्याचे १० ते १५ टक्के येतात, म्हणजे १६० ते २४० किलो. १००० पाउंडवाला साधा हातजॅकही पुरला असता.

वायरिंगवाली ताई:
काका, आट्यांमधून जातो, पण भरवशाचा नाही. रिकामा ट्रेलर उचलताना काही कळणार नाही. भरलेला असताना मोटर २५ अँपिअरपर्यंत ओढते, तेव्हा जोडात ०.१ ओहम जरी अडथळा असला तरी अडीच व्होल्ट तिथेच जातात. मोटरला साडेनऊ उरतात, आणि ६० वॉटच्या वर उष्णता त्या एका बोल्टापाशी साठते. जॅक रडतरखडत चालतो, मग लोक ३० चा फ्यूज काढून ४० चा घालतात. तसं कुणी करू नका. दोष जोडाचा असतो, मोठ्या फ्यूजने वायर जळते.

चॅसीला हात न लावता काम होतं. जॅकच्याच तीन भोकांच्या पट्टीवर, एका भोकाभोवती रुपयाएवढा रंग काढा. त्यावर स्टार वॉशर, वॉशरवर काळ्या वायरचा लग (टोकाची धातूची कडी), मग बोल्ट. वॉशरचे दात उघड्या लोखंडात रुतले पाहिजेत. ती वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. वायर ६ स्क्वेअर एमएम, लाल आणि काळी दोन्ही. दिव्यांची अडीचची वायर चालणार नाही. आवळून झाल्यावर वरून झिंक प्रायमर मारा. आधी मारलात तर जोडच मरतो.

ट्रेलर समिती:
ताई, हे फॅब्रिकेटरला पटलं. वायर आजच आणतो.
काका, जॅकचं माप समितीच्या बैठकीत ठरलंय, तो विषय पुन्हा नको. तरी कारण सांगतो. स्प्रिंग बार (ट्रेलरचं वजन गाडीवर वाटणाऱ्या दांड्या) चढवताना हिच, म्हणजे गाडी-ट्रेलरचा जोड, जोडलेला ठेवून ट्रेलरचं टोक आणि गाडीची मागची बाजू दोन्ही एकदम वर घ्यावी लागतात. तेव्हा जॅकवर २४० किलोच्या कितीतरी वर वजन येतं.

मकरपुऱ्याचे काका:
स्प्रिंग बारचं लक्षात नव्हतं घेतलं, ठीक. पण अर्थची वायर चॅसीच्या आतल्या बाजूने न्या. बाहेर लोंबत ठेवलीत तर खडीने सोलवटेल.

पार्किंगवाले दादा:
वायरचं होईल. जुना जॅक काढायचा कसा, हे कुणीच बोललं नाही. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, हँडब्रेक ओढा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि ए-फ्रेमखाली (ट्रेलरच्या पुढच्या तिकोनी सांगाड्याखाली) स्टँड द्या. जॅकवर वजन राहिलं नाही याची खात्री करूनच बोल्ट सोडा. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. जुन्याचा पाय वेल्ड केलेला आहे, तो भोकातून वर येणार नाही. ग्राइंडर सोबत न्या, आणि गॅस सिलिंडर आधी उतरवून लांब ठेवा. मगच ठिणग्या.

नव्याची नळी सव्वादोन इंची आहे, आपलं भोक मोजलंय का? दोन इंची निघालं तर गॅस कटर लावू देऊ नका, पत्रा वाकतो. वर प्लायवूडचा साचा शिकंज्याने घट्ट धरा आणि होल सॉने (गोल भोक पाडायच्या करवतीने) कापा. साच्याशिवाय होल सॉ मोठ्या भोकात भटकतो.

आणि बोल्ट ३/८ इंचीच आणा. त्यावर एम१० चा (१० मिमीचा) नट दोन-तीन आटे जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि वजन आलं की आटे उडतात.

ट्रेलर समिती:
भोक मोजलं, सव्वादोनच आहे. पण गाडीचं मागचं दार उघडताना मोटरच्या डोक्याला लागेल का?

पार्किंगवाले दादा:
बोल्ट आवळण्याआधी जॅक नुसता भोकात उभा करा आणि दार उघडून बघा. ट्रेलर जोडलेलाच असेल, लगेच कळेल. वरच्या रबरी टोपीखाली हाताने फिरवायचा दांडा बसतो, तो गाडीत ठेवा. बॅटरी उतरली तर तोच आहे.

खजिनदार:
वायर, लग आणि बोल्टांचं बिल मंडळाच्या नावाने घ्या. ग्राइंडर भाड्याने आणू नका, मंडपाच्या सामानात आहे. चावी माझ्याकडे.

वायरिंगवाली ताई:
स्टार वॉशर दोन-चार जास्त आणा. एकदा आवळलेला पुन्हा वापरू नका, दात चपटे झालेले असतात. फ्यूज बॅटरीजवळ बसवा, जॅकजवळ नको. मधली वायर घासली गेली तर तोच वाचवतो.